सांगलीची हळद रोज चमचाभर घेतली तर अपचनाची गोळी सुटेल का?

चमचाभराने नाही सुटणार. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या थायलंडमधल्या 206 रुग्णांच्या अभ्यासात हळदीतल्या कर्क्युमिन या मुख्य घटकाचा गुण ओमेप्राझोल या पोटातलं आम्ल कमी करणाऱ्या गोळीइतकाच आला, हे खरं. पण मात्रा बघा: 250 मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल, दिवसातून चार वेळा, 28 दिवस. म्हणजे रोज 2 ग्रॅम कर्क्युमिन! आपल्या राजापुरी हळदीत ते साधारण 3 ते 5 टक्के. 3 ग्रॅमच्या चमच्यात फार तर 150 मिलिग्रॅम.

ओमेप्राझोल नाश्त्याआधी अर्धा तास घ्या. जेवल्यावर घेतलं की नीट लागू पडत नाही आणि उगाच गोळीला दोष जातो. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा पित्ताशयात खडे असतील, तर हळदीच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच. शौचाला काळी होणं, वजन उतरणं, घास अडकणं यांपैकी काही असेल तर आधी पोटाची दुर्बिणीची तपासणी (एंडोस्कोपी) करून घ्या.