लघवीच्या नोंदवहीविषयी नव्या संशोधकास

बाळंतपणानंतर लघवीवर ताबा न राहणाऱ्या स्त्रियांवरील उपचारांची चाचणी तुम्ही नागपुरात सुरू करणार असाल, तर पहिली स्त्री सहभागी होण्यापूर्वीच नैतिकता समितीची मंजुरी आणि सीटीआरआय या भारतातील वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदसूचीतील नोंदणी पूर्ण करा. १ एप्रिल २०१८ पासून तेथे मागाहून नोंदणी होत नाही.

खरी मेहनत तीन दिवसांच्या नोंदवहीत आहे; तिच्यात प्रत्येक स्त्री किती पाणी प्यायली आणि किती लघवी झाली हे मोजून लिहिते. मे महिन्यातील ४५ अंशांच्या उन्हात पाणी जास्त प्यायले जाते आणि घामही फार जातो, म्हणून त्या नोंदींची हिवाळ्यातील नोंदींशी थेट तुलना करू नका. मोजपात्रावरील खुणा प्रत्येकीला स्वतः दाखवा. "खोकताना कपडे ओले होतात का?" हे सासूबाईंना बाहेर बसवूनच विचारा, त्यांच्यासमोर "नाही" म्हणणारी सून एकटी असताना पदर चाचपत सगळे सांगते, हे मी अनेकदा पाहिले आहे.