दिरांच्या मुलीची सरकारी शाळा आणि आपली फाउंडेशन बॅच

प्रश्न : आमचे धाकटे दीर मेरीलँडला असतात. त्यांच्या मुलीला नववीला माँटगोमेरी ब्लेअर नावाच्या सरकारी हायस्कूलात सायन्स-मॅथ्सच्या स्पेशल प्रोग्रामला अ‍ॅडमिशन मिळाली, फी शून्य म्हणे. माझा मुलगा आठवीत आहे, गणित चांगलंय. सांगलीत असं काही आहे का, की सरळ फाउंडेशन बॅचला (जेईई-नीटची आधीपासूनची तयारी करून घेणाऱ्या क्लासला) घालू? सगळे तेच सांगतायत.
– एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, फी शून्य हे खरंय. ब्लेअर हे वॉशिंग्टनला खेटून असलेल्या सिल्व्हर स्प्रिंगमधलं पब्लिक हायस्कूल, आणि हा मॅग्नेट प्रोग्राम, म्हणजे दुसऱ्या भागातल्या मुलांनाही ओढून आणणारा खास अभ्यासक्रम, तिथं १९८५ पासून चालू आहे. वेगवेगळ्या वस्त्यांतली पोरं एका शाळेत मिसळावीत हाही त्यामागं हेतू होता. शाळा प्रचंड मोठी, पण प्रोग्रामला वर्षाला साधारण १०० पोरं, तीही निवडून आणि त्याच काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, राहणारी. यांचं गणित, सायन्स, कम्प्युटर तेवढं वेगळं. शिवाय नववीपासूनच प्रयोग कसा आखायचा, आकडे कसे तपासायचे ते शिकवतात, पुढं काही मुलं सुट्टीत खऱ्या लॅबमध्ये काम करतात, आणि शेजारी बेथेस्डाला एनआयएचसारखी सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था असल्यावर ते जमतंही.

आपल्याकडं तसंच्या तसं नाही. पलूसचं नवोदय आहे, पण मुख्य प्रवेश सहावीला, नववीला फक्त रिकाम्या जागांसाठी परीक्षा होते, फॉर्मवर लक्ष ठेवा. तेही सायन्सचं स्पेशल नाही हं, चांगली निवासी शाळा, एवढंच.

आता बॅच. वाईट नाही, पण ती ब्लेअरच्या जागी धरू नका. बॅचमध्ये ओहमचा नियम म्हणजे वीस एमसीक्यू, हातात वायर काय येत नाही. आणि शाळेत तरी काय, प्रॅक्टिकलच्या वहीत अख्ख्या वर्गाची रीडिंग सारखीच, मागच्या वर्षीच्या वहीतनं उतरवलेली, अन् त्याचं कुणाला काही वाटतही नाही.

मी तर नववीत होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेला बसवेन. लेखी झाली की प्रॅक्टिकल असतं, मग प्रोजेक्ट आणि मुलाखत, म्हणजे हातानं करावंच लागतं. गणितात खरंच रमत असेल तर आयओक्यूएम ही परीक्षा, गणित ऑलिंपियाडची पहिली पायरी. पहिल्यांदा अवघड जाईल, जाऊ दे.

फी भरायच्या आधी त्याच्या सायन्सच्या सरांना भेटा, आठवड्यातनं एकदा शाळा सुटल्यावर लॅब उघडून देतील का विचारा. काही सर खुशीनं देतात, काहींना कपाटाची किल्ली कुठंय तेच माहीत नसतं. आणि पुतणीला तिचा प्रोजेक्ट व्हिडिओ कॉलवर ह्याला दाखवायला सांगा, फक्त तेव्हा दोघांचे मार्क विचारू नका.