तीन वर्षांच्या अनुभवाची सात वर्षं दाखवून अमेरिकेला यावं का?

तुमचा प्रश्न असा: पुण्यात जावा प्रोग्रॅमिंगचं तीन वर्षं काम केलंय, न्यू जर्सीची एक कन्सल्टन्सी एच-१बी, म्हणजे अमेरिकेत नोकरीसाठीचा व्हिसा, करून द्यायला तयार आहे, फक्त रेझ्युमेवर सात वर्षं दाखवायची आणि फायलिंगचा खर्च तुम्ही द्यायचा. "एकदा पोचलो की प्रामाणिकपणेच काम करीन," असंही तुम्ही लिहिलंय. पैसा कमवायचाय हे मात्र उगाच लाजत लिहिलंय. आम्ही सगळे त्यासाठीच आलो.

आधी व्यवहाराचं बोलू. अर्जाची फी आणि वकिलाचा खर्च कंपनीने सोसायचा असतो. त्यात सप्टेंबर २०२५च्या आदेशाने देशाबाहेरच्या माणसासाठी नव्या अर्जावर १ लाख डॉलर लावले. एवढी रक्कम मोठ्या कंपन्यांनाही जड जाते. मग ही छोटी कन्सल्टन्सी तुमच्यासाठी ती कुठून आणणार, हे विचारलंत का?

आता त्या सात वर्षांचं. रेझ्युमे एकदा दाखवला आणि संपलं, असं इथे होत नाही. व्हिसाच्या फॉर्मवर तीच माहिती, मुंबईच्या कॉन्सुलेटच्या खिडकीवर तेच प्रश्न, पुढे ग्रीन कार्ड करताना जुन्या कंपन्यांची अनुभवपत्रं. भारतीयांची ती रांग दहा वर्षांहून लांब आहे, म्हणजे तितकी वर्षं ही थाप सांभाळत बसायचं. महत्त्वाच्या बाबतीत खोटं बोलून व्हिसा घेतल्याचं ठरलं तर प्रवेशबंदी कायमची लागते, त्याला मुदत नसते.

एडिसनजवळ अशाच एका कन्सल्टन्सीच्या गेस्ट हाऊसवर मी ओळखीच्या मुलाला भेटायला गेलो होतो. दोन बेडरूममध्ये सहा जण, गाद्या भिंतीला उभ्या केलेल्या. डायनिंग टेबलावर कुकर आणि शेजारी छापील कागद: कधीच न केलेल्या एका बँकेच्या प्रोजेक्टची प्रश्नोत्तरं. एक जण ती परवचा म्हणावी तशी घोकत होता, टीम लीडच्या नावासकट. दोघांना बेंचवर पगार मिळत नव्हता. एच-१बीवरच्या माणसाला काम नसलं तरी पगार द्यावा लागतो, लेबर डिपार्टमेंटकडे तक्रारही करता येते. पण तक्रार करणार कोण? खोटा रेझ्युमे मालकाच्याच कपाटात होता.

"पोचल्यावर प्रामाणिक" हे मला इथेच पटत नाही. सात वर्षांच्या माणसाला जे काम देतात ते तुम्हाला देतील, हाताखाली दोन ज्युनिअरही देतील. "मला हे येत नाही" असं म्हणायची सोय राहणार नाही. मग रात्री गुपचूप पुण्यातल्या मित्राला स्क्रीन दाखवायची, आणि बिल्ड फुटली की ज्युनिअरकडे बोट. हे करणारी माणसं मुळात वाईट नव्हती, मी ओळखतो त्यांना. नोकरी गेली की दुसरी शोधायला जेमतेम ६० दिवस मिळतात. त्या धास्तीत माणूस बरंच काही करतो.

कन्सल्टन्सीला एक मेल टाका: अर्ज तीन वर्षांच्याच अनुभवावर करणार का, फी कोण भरणार, एलसीएवर, म्हणजे लेबर डिपार्टमेंटकडे कंपनी देते त्या अर्जावर, पगार किती लिहिणार? मेलवरच, फोनवर नको. उत्तराऐवजी फोन आला तर उचलूही नका.

आणि तुमच्या आत्ताच्या कंपनीचं अमेरिकेत ऑफिस असेल तर एल-१चं, म्हणजे कंपनीतल्या कंपनीत बदलीच्या व्हिसाचं, विचारा. सलग एक वर्ष कंपनीच्या भारतातल्या ऑफिसात काम झालं की त्या व्हिसाचा विचार होऊ शकतो, आणि त्याला एच-१बीसारखी लॉटरी नाही. खोट एकच: त्या व्हिसावर कंपनी बदलता येत नाही, पगारही तेच ठरवतील. पण जोडीदाराला काम करता येतं, हे घरात बोलताना विसरू नका. पुढच्या अप्रेझलला मॅनेजरकडे विषय काढा, आणि त्याच्या टीममधून आधी कोण ऑनसाइट गेलंय ते शोधून त्या माणसाशी बोलून मगच काढा.