कामं लिहायची कुठे, ॲपमध्ये का डायरीत?

प्रश्न : नमस्कार दादा, माझ्या मिस्टरांचं एसी रिपेअरिंगचं काम आहे, धायरीत छोटा गाळा आहे, ते स्वतः आणि तीन पोरं असे चौघं साईटवर जातात आणि फोन मी घेते. एरवी निभतं, पण मार्च लागला की फोन थांबतच नाही. मी डायरीत लिहिते, मिस्टरांना गाडीवर असताना आलेले फोन ते लक्षात ठेवतात (म्हणजे विसरतात), आणि जुने कस्टमर पोरांनाच डायरेक्ट लावतात. गेल्या उन्हाळ्यात एकाच सोसायटीत सकाळी एक पोरगा वॉश सर्व्हिस करून आला आणि दुपारी दुसरा गॅस भरायला गेला, एका चकरेत झालं असतं. वारज्याच्या एका काकूंकडे तर दोन दिवस कोणीच गेलं नाही, त्यांनी जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. आता एक ओळखीचा म्हणतोय सॉफ्टवेअर घ्या, माणशी महिना ५०० रुपये. घ्यावं का? फुकटातलं काही चालेल का? पोरांना इंग्रजी वाचायचा कंटाळा आहे.
– एक वाचक, धायरी, पुणे

उत्तर : ताई, आधी हिशोब मांडू. तुम्ही धरून पाच जण, म्हणजे महिन्याला २,५००, वर्षाला ३०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ५,४००, झाले ३५,४००. जीएसटी नंबर असेल तर ते ५,४०० इनपुट क्रेडिटमध्ये (म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होऊन) सुटतात, पण सर्व्हिसच्या धंद्यात उलाढाल २० लाखांच्या आत म्हणून नंबर घेतला नसेल तर ते खिशातूनच गेले. एका वॉश सर्व्हिसचे ६०० धरले तर ५९ सर्व्हिस निव्वळ सॉफ्टवेअरसाठी. आणि तुमची खरी मारामारी मार्च ते जून, पैसे मात्र बारा महिन्यांचे.

पण खरं सांगू का, पैसे हा पुढचा मुद्दा आहे. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, त्यात काम तीन दारांनी आत येतंय, तुमचा फोन, मिस्टरांचा फोन, पोरांचे फोन, आणि लिहिलं जातंय फक्त एका दाराचं. हे कुठलंही ॲप दुरुस्त करत नाही. माझ्या मेव्हण्याचं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे, त्याने वर्षाचे पैसे एकदम भरून एक सॉफ्टवेअर घेतलं, पहिला आठवडा सगळे हौसेने भरत होते, नंतर पोरं त्याला फोन करून विचारायची "शेठ, पुढचं काम कुठलं?" आणि तो वहीत बघून सांगायचा. त्यामुळे आधी एवढंच ठरवा, काम लिहिणार फक्त तुम्ही, मिस्टरांना फोन आला तरी त्यांनी कस्टमरला तुमचा नंबर द्यायचा किंवा तिथेच गाडी बाजूला घेऊन तुम्हाला व्हॉइस मेसेज टाकायचा, आणि पोरांनीही तेच. तुमच्याकडे लिहिलेलं नाही ते काम नाही. मिस्टरांना हे पटवणं सगळ्यात अवघड जाईल, तिथे मी काही मदत करू शकत नाही.

हे जमलं की मग साधन. माझं मत, हा सीझन गूगल कॅलेंडरवर काढा, फुकट आहे आणि तुमच्यापुरतं भरपूर आहे. धंद्याचं वेगळं जीमेल काढा, घरचं नको. त्यात चार कॅलेंडर बनवा, प्रत्येक माणसाचं एक, प्रत्येकाचा रंग वेगळा. मग तुमच्या स्क्रीनवर चौघांचा दिवस शेजारी शेजारी दिसतो, एकाच सोसायटीत दोन चकरा पडतायत हे लिहितानाच लक्षात येतं. शेअरिंगचं सेटिंग कॉम्प्युटरच्या ब्राउजरवरून करा, आणि पोरांना फक्त बघायची परवानगी द्या, बदलायची नको, नाहीतर एखादा नको असलेलं काम दुसऱ्या दिवसावर ढकलून मोकळा. त्यांना ईमेल जाईल, त्यातली लिंक दाबायला लावा. तरीही फोनवर कॅलेंडर दिसलं नाही तर ॲपच्या सेटिंगमध्ये त्या कॅलेंडरचं सिंक बंद असतं, ते चालू करा, इथे बरेच जण अडकतात आणि "चालत नाही" म्हणून सोडून देतात. इंग्रजीचं म्हणाल तर फोनची भाषा मराठी करता येते, आणि काम तर तुम्ही मराठीतच लिहिणार आहात.

लिहायचं कसं तेही सांगतो. वर नावाच्या जागी "वॉश, २ स्प्लिट, वारजे" एवढंच, म्हणजे न उघडता कळतं. पत्त्याच्या जागी कस्टमरने पाठवलेलं लोकेशन टाका, पोराने दाबलं की मॅप उघडतो, आणि खाली फोन नंबर, विंग, मजला, पार्किंग कुठे, आउटडोअर युनिट ग्रिलबाहेर लटकलंय का, गॅस कुठला, आर ३२ का जुना आर २२. ही शेवटची गोष्ट लिहिली नाही की सिलिंडर आणायला परत धायरीला यावं लागतं. एएमसीचे (वर्षाच्या देखभालीचा करार केलेले) कस्टमर असतील तर त्यांची सर्व्हिस रिपीट लावून टाका, दर चार महिन्यांनी आपोआप समोर येते, मला वाटतं एकट्या या गोष्टीसाठी डायरी सोडावी.

एक अडचण मात्र आहे, दिवसाच्या मध्येच काम बदललंत तर शेअर केलेलं कॅलेंडर पोराच्या फोनवर बदलतं पण तो ते बघेलच असं नाही. म्हणून आजच्या आज झालेला बदल व्हॉट्सॲपवर पण टाकायचा आणि "ओके" आल्याशिवाय झालं असं धरायचं नाही.

व्हॉट्सॲपवरून आठवलं, बिझनेसवालं ॲप घेतलं नसेल तर घ्या, तेही फुकट आहे, फक्त त्याला वेगळा नंबर ठेवा कारण एकच नंबर साध्या आणि बिझनेस दोन्ही ॲपवर एका वेळी चालत नाही. त्यात चॅटला लेबल लावता येतात, "वेळ द्यायची", "पेमेंट बाकी", "पार्ट मागवलाय" असे, आणि "फोटो, लोकेशन आणि एसीचं मॉडेल पाठवा" हे रोज शंभरदा टाइप करण्यापेक्षा क्विक रिप्लायमध्ये ठेवायचं, तिरकी रेघ दाबली की येतं. हाच नंबर मिस्टर आणि पोरं सगळीकडे देतील, तीन दारांचं एक दार होईल.

वेळ देताना "१० वाजता" म्हणू नका, "१० ते १२ मध्ये" म्हणा. नवले पुलाजवळचा ट्रॅफिक तुम्हाला मी काय सांगणार. एरियाप्रमाणे दिवस पाडा, वारजे-कोथरूड एका दिवशी, आंबेगाव-कात्रज एका दिवशी, इमर्जन्सीला रोज एका माणसाची संध्याकाळ रिकामी ठेवा. गुरुवारी वॉश सर्व्हिस लावण्याआधी कस्टमरला विचारा, आपल्याकडे दुरुस्तीसाठी लाईट आणि पाणी बऱ्याचदा गुरुवारीच बंद ठेवतात, जेट पंप घेऊन पोरगा तिसऱ्या मजल्यावर जातो आणि बादलीभर पाणी नाही.

मग पैसे देऊन कधी घ्यायचं? माणसं आठ-दहा झाली, एएमसी शंभराच्या वर गेल्या, जागेवरच फोटो, सही आणि बिल हवं असं ऑफिसवाले कस्टमर म्हणायला लागले, तेव्हा. फक्त बिलासाठी घेत असाल तर थांबा, झोहो इन्व्हॉइस फुकट आहे. जॉबर, हाउसकॉल प्रो ही अशाच सॉफ्टवेअरची नावं व्हिडिओत दिसतील, चांगली आहेत, पण ती कॅनडा-अमेरिकेतल्या प्लंबर-इलेक्ट्रिशियनसाठी बनवलेली, भाव डॉलरमध्ये. घ्यायचंच ठरलं तर विकणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा, महिन्याने पैसे भरता येतात का, आणि सोडताना सगळे कस्टमर एक्सेलमध्ये बाहेर काढून मिळतात का. दुसऱ्याला "बघू, सांगतो" असं उत्तर आलं तर चहा पाजून पाठवून द्या.

पोरगा काम सोडून गेला की त्याच दिवशी त्याचं शेअरिंग काढायचं, हे लिहून ठेवा.

प्रश्न : मी सांगलीत एकटाच प्लंबिंगची कामं करतो, दिवसाला तीन-चार. मला यातलं काही लागेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही हो. डायरी चालू द्या, फक्त रोज रात्री त्या पानाचा फोटो काढून स्वतःलाच व्हॉट्सॲप करा, डायरी पाण्यात पडणारच आहे कधीतरी, तुमचं कामच तसलं. आणि हाताला ओल असताना फोन आला तर कॅलेंडर उघडत बसू नका, "संध्याकाळी सातनंतर वेळ सांगतो" म्हणा आणि सातनंतर खरंच फोन करा.