ग्रॅव्हल शर्यतीत उतरून चालावं लागलं तर ती हार का? आणि सायकल कोणती घ्यावी?

तुम्ही एका दमात दोन गोष्टी विचारल्या आहेत. रस्त्यावरच्या २०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब फेऱ्या, करून झाल्या, आता डांबर, खडी, शेतरस्ता, माती असं सगळं असलेल्या तेवढ्याच लांबीच्या शर्यतीत, म्हणजे ग्रॅव्हल शर्यतीत, नाव घातलंय, तर सायकल कोणती घेऊ, हा पहिला प्रश्न. दुसरा शेवटच्या ओळीत हळूच टाकलाय: ग्रुपमधले जुने लोक म्हणतात की मध्ये उतरून चालावं लागलं तर भाग घेतल्याला अर्थ नाही, हे खरं का? खरं सांगायचं तर मी दुसऱ्यासाठी लिहायला बसलोय. पहिला उरकून टाकतो.

किमान ४० मिलिमीटरचं टायर बसवल्यावरही दोन्ही बाजूंना बोट सहज फिरेल एवढी जागा ज्या फ्रेममध्ये उरते, ती सायकल घ्या. ब्रँड कुठलाही चालेल. ‘४५ पर्यंत टायर बसतं’ असं कंपनी लिहिते तेव्हा तो कोरड्या दिवसाचा हिशोब असतो. तुम्ही ४० घाला. गिअर असे हवेत की पुढच्या (पेडलजवळच्या) सगळ्यात लहान दातेरी चकतीचे, म्हणजे चेनरिंगचे, दात मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीच्या दातांपेक्षा कमी भरतील. टायर ट्यूबलेस करा, म्हणजे आत ट्यूबऐवजी छोटी भोकं आपोआप बुजवणारं सीलंट, मोठ्या भोकात खुपसायचे प्लग जवळ ठेवा, आणि तरीही एक ट्यूब घ्याच, कारण टायरची कड चिरली तर सीलंट आणि प्लग दोन्ही हात वर करतात. हवा रस्त्याच्या सवयीने ठासून भरू नका. सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाला ४२ च्या ट्यूबलेस टायरमध्ये ३० ते ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुष्कळ होते. कडक टायर खडीवर उसळत राहतं आणि त्या उसळण्यात तुमची ताकद फुकट जाते. कार्बन घ्यावं की अ‍ॅल्युमिनियम यावर लोक महिनेच्या महिने भांडतात, भांडू द्या.

आता मुद्द्याचं.

मला लांब पल्ल्याचं सायकलिंग शिकवलं भाऊजींनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी. वारा अडावा म्हणून समोरच्याच्या चाकामागे कसं राहायचं, वाऱ्यात कुठल्या बाजूला सरकायचं, रात्री दोन वाजता झोप कशी मोडायची, सगळं त्यांच्याकडून आलं. त्याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. पण भाऊजींचा एक सिद्धांत आहे आणि तो ते कुठेही, कुणालाही ऐकवतात: “सायकलची शर्यत सायकलवर बसून करायची. ढकलत न्यायची असेल तर पायी शर्यतीत नाव घाल.” तुमच्या ग्रुपमधले जुने लोक बहुधा त्यांचेच भाऊबंद असावेत.

आम्ही दोघांनी एका मिश्र रस्त्याच्या शर्यतीत एकत्र नाव घातलं होतं. आदल्या रात्री पाऊस झाला होता आणि सकाळी लख्ख ऊन पडलं. सगळे खूश. मला मात्र ते ऊन बघून धडकी भरली. मुसळधार पावसात चिखल पातळ असतो, टायरवरून निसटून जातो. पाऊस थांबून चिकणमाती अर्धवट वाळायला लागली की मग खरी पंचाईत होते. ना पातळ, ना कोरडी, अशा मधल्या अवस्थेत ती सगळ्यात जास्त चिकटते. त्या दिवशी अर्ध्याच्या थोडं पुढे जो मातीचा पट्टा लागला, ती माती एखाद्या कुंभाराने बघितली असती तर पोती भरून घरी नेली असती.

अशा मातीत नेमकं काय होतं ते सांगतो, कारण रस्त्यावरून आलेल्यांना हे माहीतच नसतं. माती आधी टायरवर चढते. मग चेनस्टे, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या फ्रेमच्या आडव्या नळ्या, आणि टायर यांच्यामधली फट भरते, पुढे फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दुबेळक्याच्या, माथ्याखाली गोळा जमतो. चाक जड होतं. आपल्याला वाटतं चढ लागला असेल, म्हणून आपण पेडलवर आणखी जोर देतो. तोवर चेनमध्ये, गिअर बदलणाऱ्या मागच्या डीरेलरच्या छोट्या चाकांमध्ये माती आणि गवत अडकलेलं असतं, चेन पुढे सरकत नाही, आणि तुमच्या पायाचा सगळा जोर डीरेलरला मागे-वर ओढतो. डीरेलर ज्या इवल्याशा अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यावर लटकतं तो हँगर. फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दामच कमजोर बनवलेला असतो. तो मोडतो, डीरेलर आऱ्यांमध्ये जातं, आणि दोन-चार आरे सोबत घेऊन तुमची शर्यत तिथे संपते. हे सगळं फार तर पेडलच्या पाच-सात फेऱ्यांत होतं.

म्हणून चाक जड लागलं त्या क्षणी मी उतरलो. ढकलत नेली नाही, कारण अशा मातीत ढकलली तरी चाक फिरतंच आणि माती चढतेच. खांद्यावर घेतली, कुंपणाच्या कडेला गवत होतं तिथून चालत निघालो. खिशात एक चपटी काठी होती, रंग ढवळायला वापरतात तसली. दर थोड्या वेळाने थांबून फोर्क आणि चेनस्टे खरवडायचे, पुढे चालायचं. भाऊजी मागून आले, माझ्याकडे बघून हसले आणि “काय रे, थकलास?” म्हणून पेडल मारत पुढे गेले. साधारण फर्लांगभर गेले असतील. मग तो आवाज आला. ज्याने एकदा ऐकलाय त्याला तो झोपेतही ओळखू येतो.

मी पोचेपर्यंत ते वाकून बघत उभे होते. हँगर दोन तुकडे, डीरेलर आऱ्यांत, दोन आरे वाकडे. माझ्याकडे सुटा हँगर होता, पण माझ्या सायकलचा. त्यांच्या मॉडेलला तो बसत नव्हता. चेन तोडायचं-जोडायचं हत्यार, चेनटूल, मी दिलं. चेन आखूड करून एकाच गिअरवर सायकल बांधायला त्यांना मदत करतो म्हटलं, तर “तू जा” म्हणाले. बऱ्याच शर्यतींत एका स्पर्धकाने दुसऱ्याला मदत केली तर चालतं, काहींत नाही. तिथे चालत होतं. त्यांनाच नको होतं. मी गेलो. चेकपॉइंटवर बाटल्या धुतल्या, चेनवर पाणी मारून घेतलं आणि वेळेत शेवटपर्यंत पोचलो. भाऊजीही पोचले. एका गिअरवर, कटऑफ, म्हणजे पोचायची शेवटची वेळ, जेमतेम गाठून. ते काम सोपं नाही आणि त्यांच्याजागी मी असतो तर मला जमलं असतं असं मी म्हणणार नाही.

पण घरी आल्यावर त्यांनी काय सांगितलं? “मी चाललो नाही. माझी सायकल मोडली म्हणून मला ती न्यावी लागली. याची सायकल धडधाकट होती आणि हा चालला.” सायकल मोडून चालणं शौर्य आणि न मोडता चालणं कमीपणा, असा हा हिशोब. हँगरबद्दल म्हणाले, माल खराब होता.

यावर आमचं भांडण अजून चालू आहे. भाऊजींचा हुकमी एक्का म्हणजे जुना फ्रेंच सायकलपटू ग्युस्ताव्ह गारिगू. १९१० मध्ये टूर द फ्रान्सचा मार्ग पहिल्यांदाच पिरेनीजच्या उंच घाटांतून नेला. डांबर कुठलं, दगडमातीच्या वाटा, आणि सायकलींना आजच्यासारखे गिअर नाहीत. म्हणजे मी तर म्हणतो तेव्हाची प्रत्येक शर्यत ही आजच्या भाषेत ग्रॅव्हल शर्यतच होती. २,११५ मीटर उंचीचा तूर्मालेचा घाट एकदाही न उतरता चढला तो गारिगू, आणि त्याला त्यासाठी १०० फ्रँकचं वेगळं बक्षीस मिळालं. भाऊजी हे फार रंगवून सांगतात. इथवर खरं आहे. ते सांगत नाहीत ते असं: त्याच घाटात दुसरा स्पर्धक ओक्ताव्ह लापीझ कधी सायकलवर, कधी उतरून चालत वर पोचला, त्या दिवसाचा ३२६ किलोमीटरचा टप्पा त्यानेच जिंकला आणि ती टूरही त्यानेच जिंकली. गारिगू तिसरा आला.

तीन वर्षांनी, १९१३ मध्ये, त्याच तूर्मालेच्या उतारावर टूरमधल्याच युजीन ख्रिस्तॉफच्या सायकलचा फोर्क मोडला. दहा किलोमीटरहून जास्त अंतर तो मोडकी सायकल घेऊन खालच्या सेंत-मारी-द-काम्पां गावापर्यंत चालला आणि तिथल्या लोहाराच्या भट्टीत स्वतःच्या हाताने फोर्क जोडला. दुरुस्ती स्वतःच करायची असा नियम होता आणि पंच समोर उभे होते. त्याला दंड झाला, पण चालल्याबद्दल नाही. एका पोराने भात्याला हात लावला म्हणून दहा मिनिटं, जी नंतर तीन केली. टूर द फ्रान्सच्या पंचांना, जे त्या काळी स्पर्धकांना छळण्यासाठीच प्रसिद्ध होते, त्यांनाही चालण्यात काही वावगं दिसलं नाही. भाऊजींना दिसतं.

तेव्हाचं जाऊ द्या म्हणत असाल तर अमेरिकेतल्या कॅन्ससमधली ‘अनबाउंड ग्रॅव्हल’ बघा. २००६ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झालेली ही शर्यत आज या प्रकारातली सगळ्यात गाजलेली आहे. मुख्य अंतर २०० मैल, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटर. २०२३ मध्ये सुरुवातीच्याच टप्प्यात चिखलाचा पट्टा लागला आणि पोटापाण्यासाठी सायकल चालवणारे लोकसुद्धा सायकल खांद्यावर टाकून चालले. जे अट्टाहासाने पेडल मारत राहिले त्यातल्या कित्येकांचे डीरेलर तिथेच गेले. रंग ढवळायच्या काठीची युक्तीही तिकडचीच.

तेव्हा तुमच्या ग्रुपला सांगा, चालणं हा या खेळाचा भाग आहे आणि त्याची तयारी करावी लागते. इथे तुमचा पहिला प्रश्न जरा बदलतो. सायकलीआधी बूट बघा. रस्त्यावरचे, तळव्याला तीन स्क्रूंनी बसवलेल्या मोठ्या क्लीटचे (पेडलला अडकणाऱ्या खाचेचे) बूट घालून तुम्ही चिखलात दहा पावलंही धड टाकू शकत नाही, आणि क्लीटमध्ये माती बसली की परत पेडलला अडकत नाहीत ते वेगळंच. दोन स्क्रूची, तळव्यात आत बसणारी क्लीट, खाली रबराचा खाचदार तळ आणि दोन्ही बाजूंनी अडकणारं पेडल घ्या. मग सरावाच्या फेरीत मुद्दाम उतरून, सायकल खांद्यावर घेऊन चढ चढून बघा. फ्रेमच्या त्रिकोणात पिशवी बांधली असेल तर खांदा कुठे घालायचा हा प्रश्न तिथे कळतो, शर्यतीत कळला तर उशीर होतो.

दुसरं, ब्रेव्हेची डोक्यातली गणितं पुसा. २०० च्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात, त्यात तुम्ही किलोमीटरवर पाणी मोजत असाल. इथे तीन किलोमीटरला तास जाऊ शकतो. पाणी आणि खाणं तासावर मोजा. ताशी ६० ते ९० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं. नुसतं ग्लुकोज ताशी ६० ग्रॅमच्या आसपासच शोषलं जातं, वर जायचं तर सोबत फ्रुक्टोज लागतं, कारण आतड्यात त्याची वाट वेगळी आहे. एवढं खायची सवयही आधी करावी लागते, थेट शर्यतीत नाही. चालताना दोन्ही हात गुंतलेले असतात म्हणून लोक खायचं विसरतात आणि तासाभराने चिखलाला दोष देतात. बाटलीला झाकण असलेलं तोंड घ्या. वाटेवर गुरं फिरत असतील तर त्या चिखलात शेण असतं, ते बाटलीच्या तोंडावर उडतं आणि दोन-तीन दिवसांनी पोट हिशोब मागतं.

आता थोडं उलट बाजूनेही लिहितो, नाहीतर भाऊजी म्हणतील एकांगी आहे. मी सांगतोय ते चिकणमातीबद्दल. वाळूत उतरायची घाई करू नका. तिथे हवा कमी, गिअर हलका आणि हँडलवर सैल हात ठेवून बरंच निघून जाता येतं. सुट्या खडीच्या चढावर बसून राहा, उभे राहिलात की मागचं चाक घसरतं. पाण्याने भरलेलं डबकं कडेच्या ओल्या मातीपेक्षा पुष्कळदा बरं, टायर धुऊन निघतं. मात्र तळ दिसत नसेल तर पुढच्याला आधी जाऊ द्या. आणि कंटाळा आला म्हणून चालणाऱ्यांची बाजू मी घेत नाहीये. कडक सुकलेल्या रस्त्यावर सायकल हातात धरून चालणाऱ्याला भाऊजी जे म्हणतात ते त्याने ऐकून घ्यावं.

हात बधिर होण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण होतील. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. तळहाताच्या कडेची नस दबते. पकड बदलत राहा, टेप जाड घ्या.

आणि सुटा हँगर विसरू नका. आपल्याच मॉडेलचा, घरी एकदा बसवून बघितलेला. भाऊजींच्या सीटखालच्या पिशवीत हल्ली दोन असतात.