चिनी लोकांना लिम्फोमा विषाणूमुळे होतो का? भावाच्या शांघायमधल्या चिनी रूममेटला नाकाचा लिम्फोमा निघालाय, भावाला धोका आहे का?

भावाला म्हणावं, खुशाल राहा. लिम्फोमा म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींचा एक कॅन्सर, तो लागत नाही. विषाणू लागतो, पण तो बहुधा तुमच्या भावाच्या अंगात लहानपणापासूनच आहे. माझ्याही, तुमच्याही. एप्स्टाइन-बार. जगातल्या 90 टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या अंगात तो असतो आणि एकदा आला की जन्मभराचा मुक्काम ठोकतो.

मी एमबीबीएस चीनमधून केलं. (हो, 'चायनावाली'. पुढे येईलच ते.) इंटर्नशिपला ग्वांगझूमध्ये कान-नाक-घशाच्या वॉर्डात पंचेचाळिशीचा एक टॅक्सीवाला होता. उजवी नाकपुडी सात महिने चोंदलेली. सायनस म्हणून अँटिबायोटिक्सचे कोर्सवर कोर्स झालेले. दोनदा बायोप्सी, दोन्ही वेळा रिपोर्ट तोच: नुसती मृत ऊती. हा नाकाचा लिम्फोमा रक्तवाहिन्यांनाच घेरतो, भोवतालचं मांस मरतं आणि चिमटा नेमका मेलेल्या भागात पडतो. तिसऱ्यांदा खोलवरून तुकडा घेतला. पॅथॉलॉजीच्या मॅडमनी मला सूक्ष्मदर्शकाशी बोलावलं. ईबर नावाची तपासणी, विषाणूचा आरएनए असेल तिथे रंग चढतो. बघते तर काचेवर मोहरी सांडावी तशी तपकिरी केंद्रकंच केंद्रकं.

त्याची बायको रोज डबा आणायची. त्याच्या वाटीला आणि काड्यांना लाल दोरा, घरच्या भांड्यांत मिसळू नयेत म्हणून. 'बिंगदू' म्हणजे विषाणू, एवढंच तिच्या कानावर पडलेलं. मी मोडक्या चिनीत समजूत घालायला गेले, "ताई, तो तुमच्याही अंगात असेल, तुमच्या मुलाच्याही." दुसऱ्या दिवशी मुलाच्या वाटीलाही लाल दोरा. मॅडमना येऊन ते निस्तरावं लागलं.

मग चिनी लोकांनाच का? या नाकाच्या प्रकारात, एनके/टी-सेलमध्ये (एनके, टी, बी ही पांढऱ्या पेशींच्या प्रकारांची नावं), जवळजवळ प्रत्येक पेशंटच्या गाठीत हा विषाणू सापडतो. पण तो एकटा पुरत नाही. युरोपातही विषाणू घरोघरी आहे, तिथे हा रोग क्वचित. चीन, कोरिया, जपान आणि मेक्सिको-पेरूच्या मूळ रहिवाशांत मात्र जास्त. म्हणजे जनुकांचाही हात आहे. आणि 'चिनी लिम्फोमा' असा काही एकच रोग नाही. तिथे सर्वांत जास्त दिसतो तो डिफ्यूज लार्ज बी-सेल नावाचा प्रकार, आणि त्यात एप्स्टाइन-बार थोड्याच जणांत असतो. तिथला संशयित दुसरा: हिपॅटायटिस बी. चीनमध्ये नवजात बाळांना ही लस 1992 पासून द्यायला लागले, त्याआधीच्या पिढीत विषाणू भरपूर. बी-सेल लिम्फोमाच्या पेशंटमध्ये तो इतरांपेक्षा जास्त सापडतो.

आता माझं दुखणं. बी-सेल लिम्फोमाला रिटुक्सिमॅब हे बी-पेशी मारणारं औषध देतात. त्याने यकृतात दबा धरून बसलेला हिपॅटायटिस बी उसळू शकतो, माणूस कॅन्सरऐवजी काविळीने जातो. म्हणून पहिल्या डोसाआधी रक्ताच्या दोन तपासण्या करायच्या: सरफेस अँटिजेन (विषाणू आत्ता उघड आहे का) आणि कोअर अँटिबॉडी (पूर्वी कधी येऊन गेलाय का). सरफेस निगेटिव्ह म्हणजे सुटलो असं नाही. ग्वांगझूच्या वॉर्डात हे झाडूवाल्यालाही पाठ होतं. इकडे आले, एफएमजीई (परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची परीक्षा) पास झाले, एका हॉस्पिटलात लागले. राउंडला रिटुक्सिमॅब घ्यायच्या एका पेशंटबद्दल विचारलं, "सर, कोअर केलीय का?" सर म्हणाले, "ते तुमच्या चायनात. इथे सरफेस निगेटिव्ह आहे, बास." सगळे हसले. जणू हिपॅटायटिस बी व्हिसा काढून येतो.

तर भावाने हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर घ्यावी, रूममेटचं दाढीचं ब्लेड वापरू नये. जेवण एका टेबलावर चालेल. मी कॅन्सरतज्ज्ञ नाही, गावात जनरल प्रॅक्टिस करते, त्यामुळे रूममेटच्या उपचारांचं त्याच्या डॉक्टरांनाच विचारा. केमोआधी त्या दोन्ही तपासण्या झाल्यात का, तेवढं मात्र विचाराच.

राउंडच्या त्या पेशंटच्या मुलीला मी हळूच बाहेरच्या लॅबमधून कोअर करून आणायला सांगितलं. पॉझिटिव्ह आली. हिपॅटायटिस बी दाबून ठेवणारं एन्टेकाविर सुरू झालं. राउंडला त्याचा विषय कुणी काढला नाही.