एकच एक्सएमएल डॉक्युमेंट अनेक थ्रेड्सना देताना

"फक्त वाचतोय, बदलत काहीच नाही, मग नल पॉइंटर कसा?" जावात एकच डॉक्युमेंट अनेक थ्रेड्स (प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारी कामं) वाचत असताना नल पॉइंटरची एरर (रिकाम्या जागी ऑब्जेक्ट शोधल्याची) आली, की हा प्रश्न पडतो, आणि तो अगदी रास्त आहे. जावासोबत येणारा डॉम पार्सर (एक्सएमएल वाचून मेमरीत नोड्सचं, म्हणजे घटकांचं, झाड बनवणारा भाग) अपाचेच्या झर्सीस या पार्सरवर बेतलेला आहे. तो फाइल वाचताना सगळे नोड लगेच तयार करत नाही. तुम्ही पहिल्यांदा गेटफर्स्टचाइल्ड (आतला पहिला नोड देणारी मेथड) बोलावता तेव्हा करतो. नोडलिस्टची लांबी विचारली तरी आतला कॅशे (तात्पुरती साठवण) बदलू शकतो. म्हणजे तुमच्या लेखी वाचन, पण मेमरीत लेखन! दोन थ्रेड्सनी हे एकाच वेळी केलं, की अर्धवट नोड हाती येतो आणि नल पॉइंटर मिळतो. त्यातून लोड कमी असताना हे बहुधा दिसतही नाही.

सुरुवातीला एवढं सांभाळा:

- हवी ती माहिती एकदाच साध्या, न बदलणाऱ्या ऑब्जेक्ट्समध्ये काढून घ्या आणि तेच शेअर करा. माझ्या मते बहुतेक वेळा एवढं पुरतं.
- डॉक्युमेंटच शेअर करायचं असेल, तर वाचतानाही तोच एक लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) घ्या. नुसतं लिहिताना सिंक्रोनाइझ करणं, म्हणजे लॉक घेणं, ही नवख्यांची नेहमीची चूक.
- डॉक्युमेंटबिल्डर (डॉक्युमेंट तयार करणारा) आणि एक्सपाथ (त्यात शोधणारा) स्टॅटिक, म्हणजे सगळ्यांना सामाईक, फील्डमध्ये ठेवू नका. तेही थ्रेड-सेफ, म्हणजे अनेक थ्रेड्सनी एकाच वेळी वापरायला सुरक्षित, नाहीत.

रीड-राइट लॉकच्या नादी लागू नका. तो वाचणाऱ्यांना एकत्र आत सोडतो, आणि इथे नेमकं तेच नकोय.